लालीबाईच्या मेसचा शिक्का

बळीराम मनवर एसटीतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी बिल्ला आणि पावतीपुस्तक डेपोत जमा केलं. संशय जमा करून घेणारं टेबल तिथं नव्हतं, म्हणून तो तेवढा घरी घेऊन आले.

एकतीस वर्षं झोपेचं सोंग घेतलेले प्रवासी ओळखलेल्या माणसाला आर्णीसारख्या गावात निवृत्तीनंतर काम कमी पडत नाही. गॅसचं सिलिंडर आलं की बळीराम ते भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन वजन करत. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो किती वेळात ओघळतो ते दूधवाल्यासमोर पाहत. एकदा मयतीच्या घरी जाऊन, "नेमकं झालतं काय?" हे त्यांनी तिघांना तीन कोपऱ्यांत वेगवेगळं विचारलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "जबाब जुळत नाही." बायकोचं नाव सत्यशीला. नवऱ्यानं उलटतपासणी सुरू केली की पोळ्या लाटायला बसायचं, हे त्या संसाराच्या दुसऱ्याच वर्षी शिकल्या होत्या. लाटण्याच्या आवाजात निम्मे प्रश्न ऐकू येत नाहीत.

अशा माणसाच्या हाती कोणाच्या शिक्षणाचा खर्च देऊ नये. पण घरातला थोरला म्हटला की त्याच्या हाती सगळं द्यावंच लागतं.

झालं असं की बळीरामांची बहीण लीलाबाई, केळापूरला अंगणवाडीत मदतनीस, तिच्या रुपालीला पुसदच्या एका फार्मसी कॉलेजात नंबर लागला. लीलाबाईचा नवरा जाऊन चार वर्षं झालेली. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण पोट आणि परीक्षा शिष्यवृत्तीची वाट पाहत नाहीत. म्हणून लीलाबाईच्या ओसरीवर तिघं भावंडं बसली. धाकटा धम्मरत्न शाळेत मास्तर. त्यानं पुस्तकं आणि परीक्षेचे फॉर्म उचलले. लीलाबाई म्हणाली, होस्टेलचं मी पाहतो. बळीरामांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "मेस माह्याकडे. पोरगी उपाशी राह्यली नाही पायजे." आणि पुढं असंही ठरलं की सगळ्यांचे वाटे बळीरामांकडे यावेत आणि तिथून पुसदला जावेत. हे कोणी सुचवलं ते आता कोणालाच आठवत नाही. बळीरामांच्या मते ते सर्वानुमते ठरलं. त्या वेळी बाकीचे दोघं चहा पीत होते.

पहिल्या महिन्याचे मेसचे पैसे बळीरामांनी बँकेत जाऊन, स्लिप भरून, वेळेवर पाठवले. फोनवरून पैसे पाठवायला त्यांचा तात्त्विक विरोध होता. फोनमध्ये पैसे ठेवणं म्हणजे पाकीट खिडकीत ठेवून झोपणं, असं ते म्हणत. पैसे गेले आणि उत्तरादाखल पावतीचा फोटो आला. वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलं होतं : 'रुपालीचे पैसे भेटले. लालीबाई.'

बळीरामांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, आडवा केला.

"शिक्का कुठी हाये?"

रुपालीनं फोनवर समजावून सांगितलं. लालीबाई ही घरच्या घरी वीस पोरींचा स्वयंपाक करणारी बाई आहे, हॉटेल नाही. बळीराम म्हणाले, शिक्का नाही त्या कागदाला कागद म्हणत नाहीत. निरोप लालीबाईपर्यंत गेला. तिकडून उत्तर आलं, "माह्याजवळ पोळपाट हाये, लाटणं हाये. शिक्का पायजे असन तं तहसीलात जेवा म्हना."

या उत्तरानं बळीरामांचा संशय बळावला. सरळ माणूस असं तिरपं बोलत नाही. त्यांनी रुपालीला रोजच्या ताटाचा फोटो पाठवायला सांगितलं. फोटो येऊ लागले. बळीराम चष्मा लावून ताट तपासत. "ह्या ताटात दोन वाट्या हायेत. काल एकच होती. काल कोणाच्या ताटाचा फोटो पाठवला?" एके दिवशी ताटाच्या कडेला दुसऱ्याच कोणाचा अंगठा दिसला, त्यावरून दोन दिवस चौकशी चालली. तो अंगठा शेजारी बसलेल्या मुलीचा निघाला. तरी बळीरामांनी त्या मुलीचं गाव विचारून घेतलंच.

शेवटी त्यांनी निकाल दिला. शिक्का येईपर्यंत मेसचे पैसे थांबवावेत. पैसे कुठं जात नाहीत, आपल्याकडेच आहेत. एक महिना गेला, दुसरा गेला. रुपालीनं आधी दोनदा आठवण केली, मग विचारणंच सोडलं. तिसऱ्या महिन्यात बळीराम बायकोला म्हणाले, "पाह्यलं? मागणं बंद झालं. म्हंजे गरजच नव्हती."

सत्यशीलाबाई पोळ्या लाटत होत्या.

डिसेंबरात एका बुधवारी शेजारचे बाबुलाल राठोड पुसदहून परत आले. बाबुलाल निवृत्त ग्रामसेवक. बातमी सांगायच्या आधी खुर्ची मागायची त्यांची जुनी पद्धत. खुर्ची आली, पाणी आलं, मग ते म्हणाले, "मनवर भाऊ, तुमची भाची दिसली मले."

"कुठी?"

"मेडिकलात. सांजच्या वख्ती."

"औषध घ्यायले गेली असन."

"काउंटरच्या आतमधी होती, भाऊ."

पलीकडच्या घरासमोर बशीरभाई कूलरची मोटर खोलून बसले होते. डिसेंबरात कूलर दुरुस्तीला कोण देतो, हा प्रश्न बळीरामांना रोज पडे. पण आत्ता ती वेळ नव्हती. बशीरभाईंनी पान्हा खाली ठेवला. "आतमधी मंजे? गिराईक तो बाहर रहता ना, मनवर साब."

विचार तिघांच्या डोक्यात वेगवेगळ्या वाटांनी पळाले आणि एकाच ठिकाणी भेटले.

"कॉलेज सोडलं असन," बाबुलाल हळूच म्हणाले.

"मेडिकलवाला जवान हाये का?" बशीरभाईंनी विचारलं.

"तसा पाह्यला नाही मी. पांढरा कोट होता."

"मंग फोन नका करू. फोन केला तं सगळं साफ करून ठेवतीन. सिधा जाऊन उभं राहाचं," बशीरभाई म्हणाले.

"आणि शेजारपाजारच्याले आधी विचाराचं," बाबुलालांनी भर घातली. "मी असतो तं पंचनामा केला असता."

नेमक्या त्याच दिवशी रुपालीचा मेसेज आला होता : 'मामाजी, परीक्षेच्या फॉर्मची शुक्रवारी शेवटची तारीख आहे.' धम्मरत्ननं आणि लीलाबाईनं आपापले वाटे मागच्याच आठवड्यात पाठवले होते, आणि बळीरामांनी सोमवारी लीलाबाईला फोनवर सांगूनही टाकलं होतं की पैसे गेले. ते गेले नव्हते. जाणार होते, म्हणजे तत्त्वतः गेल्यासारखेच होते. आता मात्र या नव्या माहितीच्या उजेडात बळीरामांनी ठरवलं, पैसे स्वतः न्यायचे. आधी डोळ्यानं पाहायचं, मग द्यायचे.

गुरुवारी सत्यशीलाबाईंकडून बनियनला आतून चोरखिसा शिवून घेतला. फॉर्मच्या आणि अडवून ठेवलेल्या मेसच्या नोटा आत घातल्यावर तोंडही शिवून टाकायला लावलं. "काढसान कसे?" त्यांनी विचारलं. "काढायची वेळ आली तं पाहू," बळीराम म्हणाले. त्यांच्या आवाजात ती वेळ येऊ नये अशी थोडी आशा होती.

शुक्रवारी दिग्रसमार्गे पुसदची बस धरली. सवयीनं मागच्या सीटवर बसले आणि पुढच्या माणसाच्या खिशातून डोकावणारं तिकीट दिग्रस येईपर्यंत वाचत राहिले. ते दिग्रसचंच होतं आणि माणूस दिग्रसलाच उतरला. बळीरामांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

कॉलेजच्या फाटकातून सरळ आत जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. चेकर थांब्यावर उभा राहून बसला हात दाखवत नसतो. म्हणून त्यांनी कुंपणाच्या भिंतीच्या कडेकडेनं एक फेरी मारली आणि विटांच्या ढिगावर चढून आत पाहिलं. आत पन्नासेक पोरी होत्या. सगळ्यांच्या अंगात पांढरे एप्रन, सगळ्यांच्या तोंडाला ओढण्या. त्यात रुपाली असेल तरी ओळखू येणार नव्हती आणि नसेल तरी कळणार नव्हतं. एवढ्या लोकांना एकसारखे कपडे घालायला लावण्यामागं काय हेतू असावा, याचा ते विचार करत असतानाच खालून आवाज आला.

"काका, उतरा खाली."

चौकीदार होता. छातीवर 'लालसिंग' अशी पट्टी आणि हातात काठी. बळीराम खाली उतरले, कपडे झटकले आणि अधिकारवाणीनं विचारलं, "रुपाली भगत रोज येते का कॉलेजात?"

"तुमी कोन?"

"मामा."

"भिताडावरून पाहणारे सगळे मामाच असते," लालसिंग म्हणाला. "चला ऑफिसात."

ऑफिसात खिडकीमागं एक बाबू होता. वय चाळिशीचं, चेहरा असा की समोरचा खोटं बोलतोय हे त्याला जन्मापासून माहीत असावं. बळीरामांना एरवी असा माणूस आवडला असता.

"विद्यार्थिनीची माहिती कोणालाही देत नाही. ओळखपत्र?"

बळीरामांनी आधार कार्ड दिलं. बाबूनं ते उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"तुम्ही नाव सांगितलं बळीराम. इथं बलीराम आहे."

"ते त्यांच्याकून चुकलं, साहेब."

"मुलीचं आडनाव भगत. तुमचं मनवर."

"बहिणीची पोरगी हाये. आडनाव कसं एक राहीन?"

"बहीण आहे हे कशावरून?" बाबूनं फाइल काढली. "पालक, लीलाबाई भगत. दुसरं नाव, मामा, धम्मरत्न मनवर. तुमचं नाव कुठंच नाही."

बळीरामांना हे लागलं. मेस आपल्याकडे, सगळ्यांचे वाटे आपल्याकडे, आणि फॉर्मवर मामा म्हणून धम्मरत्न! त्याला मामा होऊन असे किती दिवस झाले होते? रुपाली जन्मली तेव्हा तो स्वतःच हाफ चड्डीत होता.

"नात्याचा काही कागद?"

"घरी हाये, साहेब. घरी राह्यला."

बोलल्याबरोबर बळीराम स्वतःच चमकले. एकतीस वर्षं त्यांनी हे वाक्य ऐकलं होतं. पास घरी राहिला, साहेब. आत्ताच खिशात होता, साहेब. मागचा माणूस काढतो म्हणाला, साहेब. यातल्या कोणावर त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नव्हता.

"माह्या बायकोले फोन लावतो," ते म्हणाले. "ते सांगन."

"तुमच्या फोनवरून नको. फोनात कोणाच्याही नंबरला कोणाचंही नाव देता येतं. नंबर सांगा, मी लावतो."

हे बळीरामांना पटलं. त्यांनीही असंच केलं असतं. बाबूनं ऑफिसचा फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"हॅलो. बळीराम मनवर तुमचे कोण?"

पलीकडे लाटणं थांबलं. मग सत्यशीलाबाईंचा सावध आवाज. "तुमी कोन बोलून राह्यले?"

"त्यांना आम्ही इथं बसवून ठेवलंय. ओळख पटवायची आहे."

इथं वाचकांना सांगायला हवं की फोनवरून फसवणाऱ्यांच्या बातम्या वाचून बळीरामांनी बायकोला महिनाभर तालीम दिली होती. कोणी म्हणालं, तुमचा माणूस आमच्या ताब्यात आहे, तर घाबरायचं नाही, नाव सांगायचं नाही, आकडा सांगायचा नाही. सत्यशीलाबाई तालमीबरहुकूम वागल्या.

"ठेवून घ्या," त्या म्हणाल्या आणि फोन कट केला.

ऑफिसात कोणीतरी खोकल्यासारखं केलं. लालसिंग बळीरामांच्या एक पाऊल जवळ येऊन उभा राहिला.

धम्मरत्नचा फोन बंद होता; तो वर्गात असणार. मग बाबूनं फॉर्मवरचा लीलाबाईचा नंबर लावला. "कॉलेजच्या ऑफिसातून बोलतोय," एवढं ऐकताच लीलाबाईनं जो हंबरडा फोडला तो थांबवायला चार मिनिटं गेली. पोरगी सुखरूप आहे, पायाला काही झालेलं नाही, डोक्यालाही नाही, हे बाबूनं तीनदा सांगितलं. मग विचारलं, "बळीराम नावाचे गृहस्थ तुमचे कोण?"

"दादा हाये माहा! दादा तिथं कायले गेला?"

"परीक्षेच्या फॉर्मचे पैसे घेऊन आलेत म्हणतात."

"पैसे?" लीलाबाईचा आवाज ऑफिसभर घुमला. "ते तं त्यानं सोमवारीच पाठवले ना? मले त्यानंच सांगतलं."

सगळ्या ऑफिसनं बळीरामांकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या सुट्ट्यांच्या यादीकडे पाहिलं. फोन ठेवून बाबूनं कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि म्हणाला, "नाही भरला फॉर्म. आज शेवटचा दिवस. चारला बंद. रोख घेत नाही, ऑनलाइन. आणि मुलगी बारालाच गेली, दुपारच्या प्रॅक्टिकलला नाही."

"पाहा!" बळीराम एकदम सरसावले. एवढ्या अपमानात त्यांना धरायला एक काडी मिळाली होती. "मी तेच म्हनून राह्यलो! कुठी गेली?"

इतक्यात होस्टेलच्या वॉर्डन अस्मा मॅडम कुठलंसं रजिस्टर घ्यायला आत आल्या. त्यांनी बळीरामांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"तुम्ही रुपालीचे थाळीवाले मामा का?"

"कोन?"

"थाळीचे फोटो मागणारे. होस्टेलात सगळ्या मुली तुम्हाला ओळखतात." मॅडमच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं. "ती जमीरभाईंच्या मेडिकलात गेली आहे. बसस्टँडच्या रस्त्यावर. जा, भेटा. पण तिथं तरी भिंतीवर चढू नका."

ऑटोत बसल्यावर बळीरामांनी स्वतःला सावरलं. वॉर्डनलाही माहीत आहे, म्हणजे प्रकरण उघडच होतं. जमीर हे नावही कळलं होतं. मेडिकल दिसल्यावर ते आधीच्या चौकातच उतरले, तोंडाला रुमाल बांधला आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत शिरले. काउंटरच्या आत पांढऱ्या एप्रनात, खाली मान घालून, गोळ्यांच्या पाकिटांवर दिवसातून किती वेळा ते लिहीत बसलेली पोरगी होती रुपालीच. मागं पंख्याखाली पासष्टीचे एक गृहस्थ पेपर वाचत होते. जवान कोणीच दिसत नव्हता. गल्ल्यामागं चौकटीत दुकानाचा परवाना होता आणि त्यावर त्या म्हाताऱ्याचाच फोटो; म्हणजे जमीरभाई तेच. बाबुलालांना दिसलेला पांढरा कोट रुपालीचाच होता; त्यांच्या पंचनाम्यात एवढी मोठी चूक कशी राहिली, कोण जाणे.

बळीरामांनी आवाज बदलला. "झोपेच्या गोळ्या द्या."

"चिठ्ठी?" रुपालीनं वर न पाहताच विचारलं.

"चिठ्ठी घरी राह्यली."

"मंग नाही भेटत."

"देऊन दे ना, बाई. कोन पाहते?"

"कोनी नाही पाहत म्हनूनच नाही भेटत, काका. डॉक्टरकडून लिहून आना." मग हात थांबला. मान वर झाली. "मामाजी?"

बळीरामांनी रुमाल सोडला. "जय भीम," ते म्हणाले.

"जय भीम. घरी सगळे बरे हायेत ना? आई?"

"बरे हायेत. तू कॉलेज सोडून इथं काय करून राह्यली?"

रुपालीनं पेन खाली ठेवलं. रांगेतल्या दोघांना औषध दिलं, जमीरभाईंना काउंटरवर बसवलं आणि मामाला बाजूच्या बाकावर घेऊन आली. ती चिडलेली नव्हती. दिवसाचा बराच भाग चिडण्यात गेल्यावर माणूस जसं शांत बोलतं, तशी बोलत होती.

"रोज सहा ते नऊ येतो मी इथं. तीन महिने झाले. लालीबाईचे पैसे द्याचे होते ना."

"मेसचे? पन मी तं..."

"तुमाले शिक्का पायजे होता, मामाजी. तिच्याजवळ शिक्का नाही. तिनं पैसे नाही भेटले तरी ताट नाही थांबवलं, पन मलेच कसंतरी वाटे. जमीरचाचा म्हनले, सांजचं बस, शिकशीनही. आज लवकर आली, कारण फॉर्मचे पैसे आले नाही. पगाराच्या वरचे उसने मागायले आलती. त्यायच्याजवळ सकाळी नव्हते, आता गल्ला जमला का देतो म्हनले. म्हनून बसून हावो."

बळीरामांच्या तोंडात कितीतरी प्रश्न तयार होते. ते रांगेनं उभे राहिले आणि एकेक करून निघून गेले. एकच उरला.

"आईले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं ते तुमच्यासंग भांडली असती. तिले मोठं म्हनून तुमीच हा."

मेडिकलच्या घड्याळात सव्वातीन झाले होते, ते त्यांनी पाहिलं आणि उभे राहिले.

"पैसे हायेत माह्याजवळ."

"कुठी?"

बळीरामांनी छातीवर हात ठेवला. रुपालीला वाटलं, मामाजींना भरून आलं. मग कळलं की पैसे खरोखरच तिथं होते, आणि शिवलेले होते.

औषधांच्या खोक्यांमागं जाऊन बळीरामांनी शर्ट काढला. सत्यशीलाबाईंनी शिवण दुहेरी घातली होती; त्यांच्या हाताला अर्धवट काम माहीत नव्हतं. दातानं तुटेना, किल्लीनं उसवेना. शेवटी जमीरभाई स्वतः पाकिटातलं नवं ब्लेड फाडून घेऊन आले. "हिलो नका, साब. ऑपरेशन छोटा है," म्हणत त्यांनी टाके कापले. पलीकडून एक गिऱ्हाईक मान लांब करून पाहत होतं आणि त्यानं हळूच विचारलं, इथं ड्रेसिंगपण करता का?

आता खरी अडचण आली. कॉलेज रोख घेत नव्हतं, बळीरामांच्या फोनात पैसे नव्हते, रुपालीच्या खात्यात पुरेसे नव्हते. जमीरभाई म्हणाले, "मले द्या. खात्यात व्यापाऱ्याले द्याचे हायेत, त्यातून माह्या फोनवरून भरतो; त्याले हे रोख देतो."

बळीरामांच्या हातात नोटा होत्या. समोर अर्ध्या तासापूर्वीपर्यंत ज्याला ते आरोपी समजत होते, तो माणूस हात पुढे करून उभा होता. ना ओळख, ना पावती. बोटं सवयीनं आवळली गेली. रुपाली त्या बोटांकडे पाहत होती.

बळीरामांनी फॉर्मपुरत्या नोटा दिल्या. जमीरभाईंनी त्या तशाच गल्ल्यात सारल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून फोन काढला.

"गेले," ते म्हणाले.

"आले?" बळीरामांनी विचारलं.

"नाही आले," रुपाली आपल्या फोनकडे पाहत म्हणाली. तिच्या फोनवर एक गोल फिरत होता. माणसाच्या धीराची परीक्षा पाहायला याहून वाईट आकार कोणी शोधला नसेल. जमीरभाईंच्या खात्यातून पैसे कटले होते, कॉलेजला पोचले नव्हते, मध्ये ते कुठं होते हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एरवी बळीरामांनी इथं पंचनामा केला असता. आज ते म्हणाले, "चाल, ऑटो पाहू."

खिडकीपाशी पोचले तेव्हा चारला सात मिनिटं होती. बाबूनं मामा-भाचीला एकत्र पाहिलं, पण आनंद दाखवला नाही.

"पावती?"

"सर, पैसे कटले, पावती नाही आली. सर्व्हर स्लो हाये," रुपाली म्हणाली.

"मी भरले!" बळीराम खिडकीत तोंड घालून ओरडले. "डोळ्यानं पाह्यलं मी! आईशप्पथ, साहेब!"

बाबूनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो रुपालीशी बोलला. "भरलेत ना?"

"हो, सर."

"ठीक आहे. फॉर्म घेऊन ठेवतो. सोमवारी सकाळी पावती आणून दे." आणि शिक्का उचलून त्यानं फॉर्मवर मारला. मग बळीरामांसाठी, थोडं नाइलाजानं, पुढं म्हणाला, "ही पोरगी खोटं बोलत नाही. आम्हाला माहीत आहे."

बळीरामांनी मान डोलावली. हे त्यांना माहीत असायला हवं होतं, म्हणून ती जरा उशिरा डोलली.

बसला वेळ होता. ते रुपालीला घेऊन लालीबाईकडे गेले. लालीबाई चुलीसमोर घामाघूम, हातात कणकेचा गोळा. रुपालीनं ओळख करून दिल्यावर तिनं वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाली, "शिक्क्यावाले तुमीच काय?" बळीरामांनी मेसचे पैसे काढले. लालीबाई म्हणाली, दोन महिन्यांचे पोरीनं दिले, एकाच महिन्याचे राहिले. बळीरामांनी तिन्ही महिन्यांचे काढून दोन रुपालीच्या हातात ठेवले, एक लालीबाईच्या.

"पैसे नव्हते तरी जेवू घातलं तुमी?"

"मंग काय ताटावरून उठवू का?" लालीबाई म्हणाली. "बसा. दोन घास खाऊन घ्या. गरम हाये."

बळीराम जेवले. भाकर ठेच्याशी इतकी चांगली लागली की मध्येच त्यांना लाज वाटली आणि त्यांनी आणखी एक मागून घेतली.

बसस्टँडवर रुपाली म्हणाली, "मामाजी, एक बोलू? राग नका मानू."

"बोल."

"तुमी पैसे दिले नाही तरी चालन. मी मेडिकलात बसन. दिले तरी चालन. पन देतो म्हनाचं आणि थांबवाचं, असं नका करू. मले महिनाभर कळत नाही, जेवाचं कशावर."

एकतीस वर्षांत इतकं सरळ त्यांना कोणी बोललं नव्हतं. "एक तारखेले येईन," ते म्हणाले. "पैसे येईन म्हनतो मी. मी नाही येत." रुपाली हसली. बस आली.

दिवेलागणीला बळीराम घरी पोचले तेव्हा बाबुलाल आणि बशीरभाई आधीच अंगणात खुर्च्या टाकून बसले होते.

"काय निघालं?"

"काही नाही. पोरगी बरोबर हाये. मेडिकलात काम करते, पोटासाठी. घोटाळा माह्याकून झाला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबुलालांच्या चेहऱ्यावर निराशा होती, आणि तिच्या आडून दुसरंच काहीतरी वर येत होतं. "मोठं काही तरी हाये," ते बाहेर पडताना बशीरभाईंना म्हणाले. "मानूस झाकून राह्यला." बळीरामांनी ते ऐकलं आणि खुलासा करायला दारापर्यंत गेलेही. पण खरं बोलणाऱ्यानं आणखी काय बोलायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते परत आत आले.

सत्यशीलाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. 'ठेवून घ्या' पासून. त्या आधी हसल्या, लालीबाईचं आल्यावर हसणं थांबलं. "आता घरच्याले कोन सांगन?" त्यांनी विचारलं.

भावंडांच्या ग्रुपवर बळीरामांनी स्वतः टाइप केलं. एका बोटानं टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. 'रुपालीचा फॉर्म भरला. तीन महिने मेसचे पैसे मी अडवले होते. पोरगी काम करून भरत होती. लीला, सोमवारी पैसे पाठवले म्हणालो ते खोटं होतं. चूक माझी. यापुढं वाटे सरळ रुपालीकडे पाठवा.'

दोन मिनिटांत धम्मरत्नचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"दादा, तुमचा फोन हॅक झाला काय?"

"नाही बा."

"ग्रुपवर तुमच्या नावानं कोनीतरी मेसेज टाकला. चूक माझी म्हनून."

"मीच टाकला."

"बरं," धम्मरत्न म्हणाला. "पन पासवर्ड बदलून घ्या."

लीलाबाईला लिहिता येतं, पण ती फोनवर कधी लिहीत नाही. थोड्या वेळानं तिचा आवाजी मेसेज आला. बळीरामांनी फोन कानाला लावला. त्यांना वाटलं, आता ऐकायचं ते ऐकून घ्यावं. आपली पाळी आहे.

मागं भांड्यांचा आवाज येत होता. लीलाबाई म्हणाली, "दादा, पुसदले जाऊन आला, दिवसभर उन्हातानात. काही खाल्लं का तू?"

एवढंच होतं. बळीरामांनी तो मेसेज पुन्हा एकदा ऐकला. मग फोन बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "तिले सांग, जेवलो म्हना. पोटभर." आणि चूळ भरायला जातो म्हणून मोरीकडे गेले, ते बऱ्याच वेळानं बाहेर आले.